वाळवंटाच्या काठी जलविहार

अबू धाबी हे शहर बेटावर वसले आहे, ही गोष्ट तेथे दहा-दहा वर्षे नोकरी करणाऱ्या पुष्कळ मराठी माणसांच्या ध्यानातच नसते. पूल ओलांडताना मोटार वेगात असते, डोके कचेरीच्या कामात असते, आणि खाली पाणी केव्हा आले व केव्हा मागे पडले ते कळतही नाही. मोहम्मद बिन झायद सिटीत राहणाऱ्या आपल्या मंडळींची गोष्ट तर आणखी निराळी. ही वसाहत बेटावर नाही. मुख्य भूमीवर, मुसाफाच्या कारखान्यांच्या शेजारी आहे. रुंद रस्ते, एकसारखी घरे, मशिदी, बाजाराच्या मोठाल्या इमारती आणि त्यापलीकडे वाळू. येथून समुद्र दिसत नाही, की त्याची गाजही ऐकू येत नाही.

गेल्या वर्षअखेरच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही या वसाहतीत आप्तांकडे काही दिवस राहून आलो. घरातल्या मुलांना शहरातले सगळे मॉल तोंडपाठ होते. कोणत्या मजल्यावर कोणते दुकान हेही ती सांगत. पण अर्ध्या तासाच्या मोटारीवर तिवरांचे जंगल आहे आणि त्यातून होडी वल्हवत जाता येते, हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "पण पोहता कोणाला येते?" हा प्रश्न अगदी रास्त होता. या लेखात आम्ही त्याच्याकडे शेवटी येणार आहोत. आधी पाण्याची ओळख करून घेऊ.

पाणी आहे कोठे?

संयुक्त अरब अमिरातीत बारमाही वाहणारी एकही नदी नाही. जे आहे ते समुद्राचे पाणी. पण तो समुद्र आपल्या कोकणासारखा खडकावर आपटणारा नव्हे. अबू धाबीचा किनारा उथळ आहे. वाळूची लहान-मोठी बेटे, त्यांच्यामधून आत शिरलेल्या खाड्या आणि बेटांच्या आडोशाला साचलेली शांत पाण्याची तळी, असे त्याचे रूप आहे. अशा आडोशाच्या उथळ खाऱ्या पाण्याला इंग्रजीत लगून म्हणतात आणि आम्ही मॉरिशसकर फ्रेंच वळणाने लागों म्हणतो. आमचे लागों पोवळ्यांच्या कड्याने अडवलेले असते, येथले वाळूच्या बेटांनी आणि तिवरांनी. गुण मात्र एकच: लाटा बाहेर राहतात आणि आत लहान होडीला वाव मिळतो.

शहराच्या पूर्व अंगाला, मोठ्या रस्त्याला लागूनच, तिवरांचा एक पट्टा आहे. त्याला अरबीत 'कुर्म' असा शब्द आहे. दुसरा मोठा पट्टा जुबैल बेटावर, यास आणि सादियात या बेटांच्या मधोमध आहे. तेथे २०२० साली लोकांसाठी लाकडी फळ्यांची पायवाट खुली झाली. तिच्यावरून पाय न भिजवता जंगलात हिंडता येते, आणि ज्यांना पाण्यात उतरायचे आहे त्यांना कयाक मिळतात. लहान मुले आणि आजी-आजोबा यांना घेऊन जाणाऱ्यांनी सुरुवात पायवाटेने करावी असे आमचे मत आहे. पाणी, चिखल, खेकडे आणि पक्षी यांची वरून एकदा नीट ओळख झाली म्हणजे होडीत बसण्याची भीती निम्मी होते.

हे झाड ते आपले तिवरच. कोकणातल्या खाजणात जे उगवते तेच. एवढ्या खारट पाण्यात व एवढ्या उन्हात तग धरणारी झाडे थोडी. खुल्या महासागराच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. या आखातात ते ४० ग्रॅमच्या वर जाते, कारण ऊन पाणी उडवून नेते आणि भर घालायला नद्या कमी. तिवर काय करते? मुळाशी पुष्कळसे मीठ अडवते आणि जे आत येते ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. पान जिभेला लावून पाहा, खारट लागते. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळे पेन्सिलींसारखी वर डोके काढून श्वास घेतात. हा धडा वर्गातल्या फळ्यावर शिकवायला अर्धा तास लागतो, आणि तरीही मुले जांभया देतात. खाडीत तो पाच मिनिटांत कळतो.

सरकारने सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे या देशात सहा कोटी तिवरांची झाडे १८३ चौरस किलोमीटर जागेवर आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या वेळी २०३० पर्यंत आणखी दहा कोटी लावण्याचा संकल्प जाहीर झाला. तिवर लावण्याची ही चाल मात्र जुनी आहे. शेख झायद यांच्या काळी, १९७० नंतरच्या दशकातच, किनाऱ्यावर लागवड सुरू झाली होती.

गल्लीबोळांतून होडी

कयाक म्हणजे हलकी, अरुंद, बहुधा प्लास्टिकची होडी. एकाची असते, दोघांचीही असते. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. डावे बुडवले की उजवीकडे, उजवे बुडवले की डावीकडे, एवढे कळले की निम्मे काम झाले. दोघांच्या होडीत जो जाणता किंवा ताकदवान, त्याने मागे बसावे, कारण दिशा मागून सांभाळली जाते. पुढच्याने ताल धरावा. नवरा-बायको पहिल्यांदा एका कयाकात बसली म्हणजे पहिली दहा मिनिटे होडी गोल फिरते आणि दोघांची जुंपते, हे आम्ही मॉरिशसमध्ये पाहिले आहे व येथेही पाहिले.

आत शिरल्यावर रस्त्यावरचा आवाज हळूहळू मागे पडतो. दोन्ही बाजूंना तिवरांच्या भिंती, वर उंच इमारतींची टोके. चिखलावर खेकडे पळतात. राखी बगळे एका पायावर उभे असतात, आणि थंडीच्या दिवसांत रोहित पक्षीही नजरेस पडतात. आमच्याबरोबरची मुले पहिल्या पंधरा मिनिटांत फोटो काढून मोकळी झाली. नंतर तासभर त्यांनी फोनची आठवण काढली नाही. तो फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बंद होता, हेही त्याचे एक कारण असेल.

वेळ फार महत्त्वाची. नोव्हेंबर ते मार्च हे महिने उत्तम. उन्हाळ्यात या उथळ पाण्याचे तापमानच ३३-३५ अंशांवर जाते, म्हणजे पाण्यात हात घातला तरी गारवा नाही. या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. पोटासाठी राबणाऱ्यांना ज्या उन्हातून सरकार बाजूला करते, त्या उन्हात आपण हौसेने वल्हे मारत जाऊ नये. उन्हाळ्यात जायचेच असेल तर पहाटे जावे आणि सूर्य वर येण्याआधी परतावे.

जेव्हा हे पाणी हौसेचे नव्हते

आज आपण पैसे देऊन ज्या पाण्यावर जातो, त्याच पाण्यावर येथले लोक पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत होते. तेलाचे पहिले जहाज अबू धाबीतून १९६२ साली निघाले. त्याआधी येथला मुख्य धंदा मोत्यांचा. ऐन उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर, गलबते महिनोन्‌महिने समुद्रात राहत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावी, पायाला दगड बांधून खाली जाई, शिंपल्या गोळा करी आणि दोरीला हिसका दिला की वरचा सोबती त्याला ओढून घेई. दिवसभरात असे कितीतरी वेळा. त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. गलबतांचे सागवान मलबारातून येई. पैसाही रुपयाच होता. १९५९ पासून भारताने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि अबू धाबीत तो १९६६ पर्यंत चालला. जपानी लागवडीचे मोती आणि १९३० च्या सुमाराची जागतिक मंदी यांनी मोत्यांचा धंदा बुडवला.

बेटावर जायला पूलही नव्हता. मक्ता या ठिकाणी ओहोटीच्या वेळी खाडीतून चालत पलीकडे जात. पहिला मोठा पूल १९६८ साली झाला. मोहम्मद बिन झायद सिटीहून शहरात नोकरीला जाणारे आपले बंधू-भगिनी रोज जी खाडी काही सेकंदांत ओलांडतात, ती ओलांडायला पूर्वी ओहोटीची वाट पाहावी लागे. मुलांना हे सांगितले तर पुलावरून जाताना ती खाली बघतील.

नदीविना नदीचे खेळ

नद्या नाहीत म्हणून नदीचे खेळ नाहीत असे मात्र नाही. अल ऐन येथे जबल हफीत या डोंगराच्या पायथ्याशी २०१२ साली कृत्रिम खळाळाचे केंद्र उघडले. पंपांनी पाणी वर चढवून ते उतारावरून सोडायचे आणि त्यात रबरी तराफे उतरवायचे, अशी ती योजना. हत्ता येथे डोंगरांमध्ये धरण आहे आणि तेथल्या गोड्या पाण्यात कयाक चालतात. मोहम्मद बिन झायद सिटीपासून हत्ता लांब पडते, पण दिवसभराच्या सहलीला हरकत नाही.

घराजवळचे एक पाणी मात्र केवळ पाहण्याचे आहे. अल वथबा येथे सांडपाणी शुद्ध करून सोडलेल्या पाण्याचे तळे १९८० नंतरच्या काळात तयार झाले आणि तेथे रोहित पक्षी येऊ लागले. १९९८ साली शेख झायद यांनी त्या जागेला संरक्षण दिले आणि २०१३ साली रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव गेले. तेथे होडी नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. काही पाण्यांवर आपण काठावरूनच समाधान मानावे.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. या देशातले कोरडे ओढे, ज्यांना 'वादी' म्हणतात, पावसात अचानक भरून वाहतात. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळ खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता. पाऊस आला की मोटार काढून वादी पाहायला जाण्याची हौस येथे पुष्कळांना आहे, आपल्यालाही आहे. मे २०२३ पासून पावसात वादी किंवा धरणाजवळ गर्दी करणाऱ्यास १,००० दिरहॅम दंड आणि भरलेल्या वादीत मोटार घालणाऱ्यास २,००० दिरहॅम दंड व साठ दिवस मोटार जप्त, असा नियम झाला. दंड राहो, तोंडावर येणारे पाणी ओळख विचारत नाही.

आपल्या मुलखातली पाणी

सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी तेथेही हा छंद सोडू नये. कुंडलिका नदीवर कोलाडला तराफ्यांचा खेळ चालतो. त्यामागचे गणित मुलांना जरूर सांगावे. मुळशीच्या धरणातले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात येते आणि वीज करून झाली की कुंडलिकेत सुटते. वीजघर चालले की नदी फुगते, म्हणून तराफेवाले सकाळच्या पाण्याची वाट पाहतात आणि भर उन्हाळ्यातही तेथे खळाळ मिळतो. भिऱ्याचे वीजघर १९२७ सालचे. त्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. ज्या पाण्यावर आपण किंकाळ्या फोडत मजा करतो, त्याखाली मावळातली गावे आणि शेते गेली आहेत. मजा करू नये असे आम्ही म्हणत नाही. ठाऊक असावे, एवढेच.

सिंधुदुर्गात तारकर्ली-देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका अंगाला शांत खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. जवळच मालवणचे सागरी अभयारण्य, १९८७ चे. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी या बचत गटाच्या महिला स्वतः वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. २०१७ पासूनचा हा उपक्रम. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. तिवर कोणते, चिपी कोणती हे त्या बोटाने दाखवतात. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि ऐरोलीहून वनखात्याच्या बोटी पक्षी दाखवायला निघतात. अबू धाबीत जे पाहिले तेच मुंबईत, आपल्या नाकासमोर आहे.

आमच्या मॉरिशसबद्दल थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. उत्तरेला ईल द आंब्र या बेटाभोवती तिवरांच्या भाऊबंदांतून कयाक चालतात. महेबुर्गला पिरोग या पारंपरिक शिडाच्या होड्यांच्या शर्यती लागतात, जशा सांगलीला कृष्णेत होड्यांच्या लागतात. त्याच महेबुर्गच्या बाजूला २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो हे जहाज पोवळ्यांच्या कड्यावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे एक हजार टन तेल लागोंमध्ये सांडले. तेव्हा सगळे बेट किनाऱ्यावर धावले. उसाचे पाचट कापडात भरून, शिवून, लांबच लांब गुंडाळ्या करून त्यांनी तेल अडवले. शाळकरी मुले, कोळी, शिक्षक, दुकानदार, सर्वांचे हात काळे झाले. ज्यांना पोहता येत नव्हते तेही कंबरभर पाण्यात उतरले. त्या दिवसांत आम्हाला उमगले की, ज्या पाण्यावर माणूस खेळला आहे त्याच्यासाठी तो धावून जातो.

भरतीचे गणित

लहान होडीतून जाणाऱ्याने हवामानाइतकीच भरती-ओहोटी जाणली पाहिजे. आम्हां मॉरिशसकरांचे याबाबत शिक्षण कच्चे असते, कारण आमच्याकडे भरती आणि ओहोटीत फरक हातभराचा. आमचा धोका निराळा: कड्याला जेथे खिंड असते तेथून लागोंचे पाणी बाहेर ओढले जाते, आणि तो ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही समुद्रात नेतो. मुंबईला मात्र उधाणात पाणी पंधरा-सोळा फूट चढते-उतरते. अबू धाबी या दोन्हींच्या मध्ये; तेथे फरक पुरुषभर उंचीपर्यंत जातो. पण खाडी उथळ असल्यामुळे तेवढ्याने होडी चिखलात बसू शकते. तीन फूट पाणी पाहून आत गेलेला माणूस दोन तासांनी गाळात रुतून बसतो, आणि डोक्यावर ऊन!

कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जेवढे येतील तेवढे वाजता साधारण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुसरी भरती त्यानंतर बारा तास आणि वर वीस-पंचवीस मिनिटांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढते. हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे, अबू धाबीचा नव्हे. कारण भरती कोणत्या वेळी पोचणार हे किनाऱ्याच्या आकारावर ठरते, आणि खाडीच्या आत ती आणखी उशिरा पोचते. तेव्हा तेथे छापील वा फोनवरचे वेळापत्रकच पाहावे. पण उधाण आणि भांग यांचा नियम चंद्राचा असल्यामुळे तो सगळीकडे लागू. घरात कालनिर्णय टांगलेले असते. त्याचा हा एक नवा उपयोग.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आखातात वायव्येचा वारा सुटतो, त्याला 'शमाल' म्हणतात. जाताना वारा पाठीवर असला तर जाणे सोपे वाटते आणि परतताना, हात दुखत असताना, तोच वारा छातीवर येतो. म्हणून नवख्याने आधी वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर परतीला मदत मिळते.

पोहता कोणाला येते?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आपला समाज पाण्याला दूर ठेवणारा आहे. समुद्र ओलांडला तर जात जाते, अशी समजूत आपल्या पूर्वजांच्या काळी होती. काळे पाणी हा शब्दच भीतीचा. तरीही रत्नागिरीच्या बाजूचे आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुंबईहून जहाजात बसले आणि मॉरिशसला उतरले. एवढा समुद्र ओलांडला, आणि मग उसाच्या मळ्यात शिरून त्यांनी समुद्राकडे पाठ केली ती केलीच. त्यांच्याजवळ पाण्यावर खेळायला ना वेळ होता, ना मोकळीक. त्यांना दोष देता येणार नाही. पण आजही आमच्यातली कित्येक कुटुंबे वर्षातून एकदा, गणपती विसर्जनाला, पाण्यात उतरतात. गळ्याशी मूर्ती, डोक्यावर गर्दी, पायाखाली न पाहिलेला तळ, आणि पोहता येणारे त्यात थोडे. आखातातल्या मराठी घरांत आम्हाला हेच चित्र दिसले. विमानाने समुद्र ओलांडला. पाण्याची ओळख नाही.

खेड्यात अशी स्थिती नव्हती. पाठीला सुका भोपळा, पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून मुलाला विहिरीत ढकलत, आणि काका-मामा काठावर उभे राहत. चार दिवसांत डबा सुटे. ती विहीर गेली, काका-मामा शहरात गेले, आणि तरणतलावाचे शुल्क भरायला आपण का-कू करतो. गणिताच्या शिकवणीचे भरतो.

याची किंमत काय, ते वर्तमानपत्रांत येत असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने बोट उलटली, सहा जण गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, १५ जण गेले. कारणे प्रत्येक वेळी निरनिराळी. कोठे वारा, कोठे ओढ, कोठे टक्कर. पण अंगावर जॅकेट असणे आणि पाण्यात पडल्यावर न घाबरता तरंगता येणे, या दोन गोष्टींनी माणसाला मदत येईपर्यंतचा अवधी मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुले होती. शाळेच्या वयाच्या मुलांना पोहणे आणि पाण्यातली सावधगिरी शिकवावी, ही त्या संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. बुडण्याविरुद्धचा जागतिक दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस ठरवला आहे.

तेव्हा त्या वडीलधाऱ्यांना आम्ही दिलेले उत्तर असे होते: पोहता येत नसेल तर उथळ, शांत खाडीत, वाटाड्याबरोबर, जॅकेटचे बंद घट्ट बांधून जाता येते, पण परत आल्यावर शिकायला सुरुवात करायची. आणि तसेच झाले. सहा जण गेलो, सहा जण परतलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात घरातल्या दोन मुलांची व त्यांच्या आईची नावे तलावात नोंदवली गेली. आईचे नाव ऐकून आम्हाला विशेष आनंद झाला. आपल्याकडे मुलग्यांना तरी कोणी शिकवते. मुलींना आणि बायकांना कपड्यांच्या व लोकलाजेच्या संकोचापायी काठावर बसवले जाते. अबू धाबीत बायकांसाठी वेगळ्या वेळा ठेवणारे तलाव आहेत. त्यांचा उपयोग करून घ्यावा.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहिली: परवाना असलेल्या संस्थेकडूनच होडी घ्यावी, आणि जॅकेट अंगाच्या मापाचे आहे ना, खांद्याला धरून वर ओढले तर निसटत नाही ना, ते पाहावे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घालू नये; ते डोक्यावरून निघून जाते. दुसरी: माणशी निदान एक लिटर पिण्याचे पाणी, डोक्याला टोपी, लांब बाह्यांचा सदरा आणि पायात बंद चप्पल किंवा जुने बूट, कारण तिवरांची मुळे व शिंपल्या पाय कापतात. तिसरी: निघण्यापूर्वी घरी राहणाऱ्या कोणाला तरी जागा आणि परतीची वेळ सांगून ठेवावी. चौथी: तिवरांची फांदी तोडू नये, पक्ष्यांच्या थव्यात होडी घालू नये आणि वड्या-चिवड्याची पिशवी रिकामी झाली तरी परत आणावी. आखातात समुद्रगाईंची मोठी वस्ती आहे, ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल. प्लास्टिक गिळणे त्यांना व कासवांना सोसत नाही.

अबू धाबीत महाराष्ट्र मंडळ आहे, आमच्याकडेही मंडळ्या आहेत. गणेशोत्सव, नाटक, हळदीकुंकू, कोजागरी ही कामे त्या निष्ठेने करतात. त्यांना आमची विनंती आहे की, वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन ओळींची भर घालावी: उन्हाळ्यात मुलांचा व मातांचा पोहण्याचा वर्ग, आणि थंडीत खाडीतली एक सहल. आणि पुढच्या गणेशोत्सवाच्या आधी, मूर्ती घेऊन पाण्यात उतरणाऱ्यांची यादी करताना, त्यांतल्या कोणाकोणाला पोहता येते हा एक रकाना त्या यादीत असावा.